न्यायसहायक जैवतंत्रज्ञानाच्या पदवीत अन्वयार्थाला पहिले स्थान हवे

मा. संपादक,

महोदय,

पदवी अभ्यासक्रमांची ओळख करून देणारे जे लेखन आपल्या दैनिकातून आणि अन्यत्र प्रसिद्ध होते, त्यात न्यायसहायक जैवतंत्रज्ञान, म्हणजेच फॉरेन्सिक बायोटेक्नॉलॉजी, या विषयाचे नाव आता वारंवार दिसते. हा विषय शिकवणारी एक अध्यापिका म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र या लेखनातून अभ्यासक्रमाचे जे चित्र उभे राहते ते प्रामुख्याने यंत्रांचे असते : अमुक उपकरण, तमुक तंत्र आणि रक्ताच्या डागापासून गुन्हेगारापर्यंत जाणारी सरळ वाट. माझ्या मते या पदवीचा गाभा वेगळा आहे. हाती आलेल्या निष्कर्षाचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही हे ठरवता येणे, हा तो गाभा होय. ज्या विभागात तो शिकवला जात नाही तेथून कुशल तंत्रज्ञ बाहेर पडतील. पण ज्याच्या एका वाक्यावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते, असा तज्ज्ञ तेथे घडणार नाही. हे म्हणणे थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात घटनास्थळ असते. प्रत्यक्षात ते वर्ष पेशीजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आनुवंशशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांत जाते, आणि ते तसेच जायला हवे. मायक्रोपिपेटने एक मायक्रोलिटर द्रव दर वेळी तितकाच उचलता येणे, हातमोजे केव्हा बदलायचे याचे भान अंगी मुरणे, प्रत्येक नळीवर खूण केल्याशिवाय पुढची नळी हातात न घेणे, या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात. परंतु या क्षेत्रात काम किती सूक्ष्म प्रमाणावर चालते हे लक्षात आले की त्यांचे मोल कळते. मानवी शरीराच्या एका सर्वसाधारण पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. ओळख पटवण्यासाठी वापरले जाणारे बरेचसे प्रचलित संच अर्धा ते एक नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम) डीएनएवर उत्तम चालतात, म्हणजे साधारण पाऊणशे ते दीडशे पेशींवर. डोळ्यांना न दिसणाऱ्या इतक्याशा द्रव्यातून माणसाची ओळख पटवता येते, हे या शास्त्राचे सामर्थ्य आहे. तेवढेच द्रव्य तपासणाऱ्याच्या बाहीवरूनही नमुन्यात पडू शकते, हा त्याच सामर्थ्याला जोडून आलेला धोका आहे. या दोन्ही बाजू विद्यार्थ्याला एकाच वेळी दिसायला हव्यात.

या शास्त्राचा इतिहास शिकवताना त्याच्या आरंभाकडे नीट पाहावे, असे मला वाटते. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएतील पुनरावृत्त भागांच्या आकृतिबंधावरून व्यक्ती ओळखता येईल हे उमगले. त्या परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या तपासणीत दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे असल्याचे दिसले आणि तो पुरुष हा मुलगा नव्हता. पुढे परिसरातील सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेण्यात आले, खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी दुसऱ्याला नमुना द्यायला लावल्याचे उघड झाले आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनएने केलेले पहिले मोठे काम एका निर्दोष मुलाला सोडवण्याचे होते, आणि तेही त्याची कबुली समोर असताना. हा क्रम मी दर वर्षी वर्गात सांगते, कारण प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने कोणाच्याही कबुलीचा किंवा संशयाचा आपल्या वाचनावर परिणाम होऊ देता कामा नये, हे त्यातून आपोआप समजते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळते. डाग रक्ताचा आहे का, ही पहिली पायरी. कॅसल-मायर चाचणीत गुलाबी रंग आला किंवा ल्युमिनॉल उजळले की विद्यार्थ्यांना उत्तर मिळाल्यासारखे वाटते. पण या चाचण्या प्राथमिक आहेत. काही वनस्पतींमधील पेरॉक्सिडेज विकर, काही धातूंचे क्षार आणि स्वच्छतेसाठी वापरले जाणारे ब्लीच यांच्याशीही त्या कमीअधिक प्रतिसाद देतात. रक्त असल्याची पुष्टी वेगळ्या चाचणीने करावी लागते. डीएनएचा आराखडा, म्हणजे व्यक्ती ओळखू देणारी नोंद (प्रोफाइल), मिळाला तरी तो रक्तातून आला, लाळेतून आला की त्वचेच्या पेशींतून, हे तो आराखडा स्वतः सांगत नाही. त्यासाठी विशिष्ट प्रथिने किंवा त्या त्या द्रवात आढळणारे संदेशवाहक आरएनए शोधावे लागतात. चादरीवर एखाद्याचा डीएनए सापडला, एवढ्यावरून तेथे रक्त सांडले असे म्हणता येत नाही. हा फरक पदवीच्या दुसऱ्या वर्षातच पक्का व्हायला हवा.

डीएनए वेगळा करण्याच्या टप्प्यावर नमुन्याचा मूळ आधार महत्त्वाचा ठरतो. रक्तातील हीम, मातीतील ह्यूमिक आम्ल, जीन्सच्या कापडातील नीळ, हे सर्व पदार्थ पीसीआरमधील, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या अभिक्रियेतील, पॉलिमरेज विकराला अडवतात. यंत्राने काहीच दाखवले नाही, तर नमुन्यात डीएनए नव्हता असा अर्थ काढायचा की अभिक्रियाच अडली असा, हे ठरवण्यासाठी डीएनएचे प्रमाण मोजतानाच एक अंतर्गत नियंत्रण, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा डीएनए, सोबत चालवले जाते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेच्या पेशी आणि शुक्रपेशी एकत्र असतात. शुक्रपेशीच्या डोक्यातील प्रथिने डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेली असल्यामुळे आधी सौम्य प्रक्रियेने इतर पेशी फोडायच्या आणि नंतर ते बंध तोडणारे डीटीटी हे रसायन घालून शुक्रपेशी उघडायच्या, ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. हे रसायनशास्त्र विद्यार्थ्याला कळले तर दोन्ही भागांची वाटणी अनेकदा अपुरी का राहते आणि एका भागात दुसऱ्याचा अंश का उतरतो, हेही कळते. नुसता कृतिक्रम पाठ केलेल्याला ते कळत नाही, आणि उलटतपासणीत नेमके हेच विचारले जाते.

पीसीआरची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आदर्श स्थितीत प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात. २८ आवर्तनांनंतर एका रेणूच्या सुमारे २६ कोटी ८४ लाख प्रती तयार होतात. ओळखीसाठी आज मुख्यतः एसटीआर, म्हणजे चार-चार अक्षरांच्या छोट्या पुनरावृत्ती, तपासल्या जातात. एखाद्या ठिकाणी वडिलांकडून सात पुनरावृत्ती आल्या असतील आणि आईकडून नऊ, तर त्या जागी त्या व्यक्तीची नोंद सात-नऊ अशी होते. एका जागेवरचा असा जोड अनेकांत आढळतो. पण वेगवेगळ्या जागांच्या वारंवारता एकमेकींनी गुणल्या की योगायोगाने जुळण्याची शक्यता झपाट्याने घटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए नोंदणीत आरंभी अशा १३ जागा होत्या आणि २०१७ च्या जानेवारीपासून त्या २० झाल्या. स्वच्छ, भरपूर आणि एकाच व्यक्तीचा नमुना असेल तर ही पद्धत विलक्षण भरवशाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात दातांचे व्रण, केसांची सूक्ष्मदर्शकीय तुलना अशा अनेक पद्धतींवर कठोर टीका केली, तेव्हाही केंद्रकीय डीएनएच्या विश्लेषणाला तिने त्या सर्वांपेक्षा वेगळे स्थान दिले.

अडचण तेथून पुढे सुरू होते, आणि माझ्या पत्राचा खरा विषयही तोच आहे. प्रत्यक्ष प्रकरणांतील नमुना क्वचितच स्वच्छ, भरपूर आणि एकट्याचा असतो. दाराची मूठ, शस्त्राची पकड, गाडीचे चाक यांवर अनेकांचे हात लागलेले असतात. विद्युत-कणसंचलनानंतर, म्हणजे डीएनएचे तुकडे विजेच्या साहाय्याने लांबीनुसार वेगळे केल्यानंतर, पडद्यावर जी शिखरे उमटतात त्यांत खऱ्या शिखराच्या एक पुनरावृत्ती अलीकडे एक छोटे शिखर येते. ते विकर घसरल्यामुळे आलेले असते आणि त्याला स्टटर म्हणतात. आता मिश्रणातील दुय्यम व्यक्तीचे शिखरही तेवढ्याच उंचीचे असेल तर ते स्टटर आहे की माणूस, हे केवळ पाहून ठरत नाही. नमुना फार थोडा असेल तर खरी शिखरे गळून पडतात आणि कधी कधी नसलेली शिखरे उगवतात. अशा आकृतीकडे पाहून अमुक व्यक्ती या मिश्रणात आहे की नाही असे विचारले असता, प्रशिक्षित माणसेही वेगवेगळी उत्तरे देतात.

यासंबंधी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला इटिएल ड्रोर आणि ग्रेग हॅम्पिकियन यांचा अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. एका जुन्या खटल्यातील मिश्र नमुन्याची आकृती, प्रकरणाची कोणतीही पार्श्वभूमी न सांगता, १७ अनुभवी विश्लेषकांना देण्यात आली. मूळ खटल्यात पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या विश्लेषकांनी आरोपीला वगळता येत नाही असे म्हटले होते. या १७ जणांपैकी फक्त एकाने तसे म्हटले. १२ जणांनी त्या व्यक्तीला वगळले आणि चौघांनी निर्णय देता येत नाही असे सांगितले. आकृती तीच होती. बदलली होती ती फक्त आजूबाजूची माहिती. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने १०८ प्रयोगशाळांना काही मिश्र नमुन्यांची माहिती पाठवून पडताळणी केली, तेव्हा चार व्यक्तींच्या एका कठीण मिश्रणात निम्म्याहून अधिक प्रयोगशाळांनी प्रत्यक्षात त्यात नसलेल्या व्यक्तीला त्यात धरले. या आकड्यांमुळे शास्त्रावरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. आपल्या पद्धतीची परीक्षा घेऊन तिच्या चुका स्वतःच जाहीर करणारे शास्त्र विश्वासाला अधिक पात्र ठरते. पण ही परीक्षा पदवीच्या अभ्यासात कोठे आहे, हा प्रश्न उरतो. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला तीन वर्षांत एकदाही मिश्र नमुना हाताळायला मिळत नाही. त्याला आपलीच लाळ दिली जाते, तिचा सुरेख आराखडा निघतो आणि प्रयोगवहीवर सही होते.

मी माझ्या वर्गात एकच आकृती दोन गटांना देते, एकीबरोबर संशयिताविषयीचा मजकूर असतो आणि दुसरीबरोबर नसतो. दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी लिहिली की वर्गातील चर्चा तासाच्या पलीकडे चालते. कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय हे करता येते, म्हणूनच त्याचा उल्लेख करते आहे.

दुसरी दुर्लक्षित बाजू संख्याशास्त्राची. जैविक विषय निवडणाऱ्या अनेकांनी गणितापासून सुटका म्हणून तो निवडलेला असतो, आणि काही विभागही संख्याशास्त्राचा एखादा पेपर पहिल्या वर्षी उरकून त्यांना साथ देतात. न्यायसहायक जैवतंत्रज्ञानात मात्र निष्कर्षाचे वजन संख्येनेच सांगावे लागते. समजा, एखादा आराखडा असंबंधित व्यक्तींमध्ये दहा लाखांत एकाशी जुळतो. याचा अर्थ आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक, असा होत नाही. जेथे दोन कोटी लोकांपैकी कोणीही तेथे असू शकले असते, तेथे आरोपीखेरीज आणखी वीसेक जणांचा आराखडा तसाच असण्याची अपेक्षा धरावी लागते. अन्य पुरावा काहीच नसेल तर नुसत्या या जुळणीने त्या सर्वांतून आरोपीला वेगळे काढता येत नाही. जुळण्याची शक्यता आणि निर्दोष असण्याची शक्यता यांची ही गल्लत सरकारी पक्षाचा तर्कदोष म्हणून ओळखली जाते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात याविषयी स्पष्ट मर्यादा घालून दिली : तज्ज्ञाने आराखडा किती विरळ आहे ते सांगावे, डाग आरोपीचाच असण्याची शक्यता किती हे सांगू नये. तो निर्णय इतर सर्व पुराव्यासह न्यायनिर्णय करणाऱ्याने घ्यायचा असतो.

याच कारणासाठी आज संभाव्यता-गुणोत्तराची भाषा वापरली जाते. आरोपी हा या नमुन्याचा स्रोत असेल तर असा निष्कर्ष मिळण्याची शक्यता किती, आणि कोणी असंबंधित व्यक्ती स्रोत असेल तर किती, या दोन शक्यतांचा भागाकार म्हणजे ते गुणोत्तर. हे वाक्य लांबलचक आहे, कानाला अवघड आहे, आणि तरीही त्यातील एकही शब्द गाळता येत नाही. त्यातला 'असंबंधित' हा शब्दच पाहा : खरा गुन्हेगार आरोपीचा सख्खा भाऊ असण्याची शक्यता असेल तर आकडा कैक पटींनी बदलतो, आणि एकसारखी जुळी भावंडे असतील तर नेहमीची एसटीआर तपासणी त्यांच्यात फरकच करू शकत नाही. मिश्रणांसाठी आता संगणकीय प्रणाली असे गुणोत्तर काढून देतात. त्यांच्यामुळे विश्लेषकाच्या नजरेवर सोपवलेला भाग कमी झाला हे खरे असले, तरी नमुन्यात किती जण आहेत असे मानायचे हे बहुतेकदा माणसालाच आधी सांगावे लागते. प्रणाली काय गृहीत धरते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिचा आकडा न्यायालयात वाचून दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आकडा निर्विवाद असला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि खटल्यांत आज बहुधा त्याच प्रश्नावर वाद होतो : डीएनए तेथे आला कसा? २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका खुनात मृताच्या नखांत एका माणसाचा डीएनए सापडला आणि त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. नंतर कळले की खुनाच्या वेळी तो माणूस नशेच्या अवस्थेत रुग्णालयात दाखल होता. ज्या वैद्यकीय मदतनिसांनी त्याला आधी रुग्णालयात नेले होते, तेच काही तासांनी खुनाच्या जागी पोहोचले होते, आणि त्यांच्यामार्फत, बहुधा बोटाला लावायच्या उपकरणावरून, त्याच्या पेशी मृताच्या हातापर्यंत गेल्या. त्याने कित्येक महिने कोठडीत काढले. येथे प्रयोगशाळेची जुळणी अचूक होती. डीएनए त्याचाच होता. स्रोताविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते आणि ते कृतीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले गेले. डाग कोणाचा, तो कोणत्या कृतीतून आला आणि ती कृती गुन्हा होती का, या तीन पातळ्या वेगळ्या ठेवण्याची शिस्त १९९० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडली. तिसरी पातळी न्यायालयाची आहे. दुसऱ्या पातळीवर बोलायचे तर पेशी किती सहज एका वस्तूवरून दुसरीवर जातात, किती काळ टिकतात, याविषयीचे प्रयोग हाताशी हवेत. पदवीच्या शेवटच्या वर्षातील प्रकल्पांसाठी याहून योग्य क्षेत्र मला दिसत नाही : साधने माफक लागतात आणि उत्तरांची गरज मोठी आहे.

दूषिततेचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. १९९३ पासून पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे चाळीस प्रकरणांत एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळत गेला. किरकोळ चोऱ्यांपासून २००७ मध्ये हाइलब्रॉन येथे झालेल्या महिला पोलीस अधिकाऱ्याच्या खुनापर्यंत सर्वत्र तीच स्त्री दिसत होती. २००९ मध्ये उलगडा झाला : ज्या कापसाच्या काड्यांनी नमुने टिपले जात होते, त्या काड्या तयार करताना कारखान्यातील एका कामगार स्त्रीचा डीएनए त्यांना लागलेला होता. काड्या निर्जंतुक होत्या. परंतु निर्जंतुकीकरणाने जिवाणू मरतात, डीएनए नाहीसा होत नाही, आणि कोरी काडी तपासून पाहण्याचे नियंत्रण पुरेशा काटेकोरपणे पाळले गेले नव्हते. या घटनेचा परिणाम म्हणून अशा साहित्याला मानवी डीएनएपासून मुक्त ठेवण्याविषयी आयएसओ १८३८५ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये आले. प्रत्येक तुकडीबरोबर कोरा नमुना चालवायला सांगितल्यावर विद्यार्थी जेव्हा त्यात वेळ जातो म्हणतात, तेव्हा त्यांना ही हकिगत पूर्ण सांगावी. नोंदींबाबतही तेच. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या पोलिसांच्या प्रयोगशाळेतील डीएनए विभाग बाहेरच्या तपासणीनंतर २००२ च्या अखेरीस बंद करावा लागला, आणि त्यानंतर जुनी प्रकरणे पुन्हा उघडून तपासावी लागली. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती कधी गेला याची अखंड नोंद नसेल, तर नंतर कितीही चांगली तपासणी केली तरी ती पोकळी भरून निघत नाही.

या विषयाचा आवाका मानवी गुन्ह्यांपुरता नाही, हेही माहितीपर लेखांत येत नाही. २००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी सीओआय या मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या आणि स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या घटकातील) जनुकाचा एक तुकडा प्राण्यांची जात ओळखण्यासाठी सुचवला आणि आज तस्करीत पकडलेल्या मांसाची, कातड्याची, माशांच्या परांची ओळख त्यावरून पटते. केंद्रकीय डीएनए विरून गेलेल्या हाडांत मायटोकाँड्रियाचा डीएनए टिकतो. १९९१ मध्ये येकातेरिनबुर्गजवळ उकरून काढलेले अवशेष रशियाच्या अखेरच्या झारच्या कुटुंबाचे असल्याचे ठरवताना झारच्या पत्नीच्या मातृवंशातील नातेवाईक म्हणून ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांच्या रक्ताचा उपयोग झाला होता. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जिवाणू असलेली पत्रे पाठवली गेली आणि पाच जण दगावले, तेव्हा जिवाणूंच्या जनुकक्रमावरून मूळ साठा शोधण्याचे काम झाले. पण केवळ विज्ञानाच्या आधारे तो साठा निश्चित करता येत नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०११ मध्ये स्पष्ट नोंदवले. शिवाय मोठ्या दुर्घटनांतील मृतांची ओळख आहेच. न्यूयॉर्कमधील २००१ च्या हल्ल्यात मरण पावलेल्या २,७५३ व्यक्तींपैकी सुमारे अकराशे जणांच्या अवशेषांची ओळख दोन दशकांनंतरही पटली नव्हती, आणि तेथील प्रयोगशाळा नव्या पद्धती येतील तसतसे जुने तुकडे पुन्हा तपासत राहिली. ज्या विद्यार्थ्याला या कामाची ओढ वाटते, त्याला मी दोन्ही हातांनी प्रोत्साहन देईन.

नैतिक प्रश्न शिकवण्याकडे बहुतेक विभागांचा कल आता दिसतो, ही चांगली गोष्ट आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील अनेक दशके जुन्या खुनांचा छडा वंशावळीच्या हौशी संकेतस्थळावर नातेवाइकांनी ठेवलेल्या माहितीवरून लागला. एका व्यक्तीने आपला डीएनए उघड केला की तिच्या चुलत-मावस भावंडांची संमती न घेता त्यांचाही काही अंश उघड होतो. याचे नियम काय असावेत, यावर पदवीधराने आपले मत बनवलेले असावे.

नोकरीविषयी थोडक्यात लिहिते, कारण पालक सर्वांत आधी तेच विचारतात. गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळांतील जागा सर्वच देशांत मर्यादित असतात आणि सरकारी धोरण बदलले की त्या आणखी कमी होतात. इंग्लंड आणि वेल्समधील शासकीय न्यायसहायक विज्ञान सेवा २०१२ मध्ये बंदच करण्यात आली. मात्र रेणूजीवशास्त्राचा पाया पक्का असलेल्या पदवीधराला रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, अन्नातील भेसळीची तपासणी, औषधांची गुणवत्ता, वन्यजीव संरक्षण आणि संशोधन ही क्षेत्रे खुली असतात. म्हणूनच ज्या अभ्यासक्रमात 'फॉरेन्सिक' हा शब्द प्रत्येक पेपरच्या नावात आहे पण मूळ जीवरसायन आणि आनुवंशशास्त्राला तास कमी आहेत, तो निवडताना विद्यार्थ्याने थांबून विचार करावा.

अखेर, तज्ज्ञाचे काम न्यायालयात बोलून पूर्ण होते. नेमक्या निष्कर्षाला साध्या भाषेत मांडणे, तो जेवढा आहे तेवढाच मांडणे आणि वकिलाने 'मग डाग याचाच आहे ना?' असे विचारले असता 'तसे मला सांगता येत नाही' एवढे शांतपणे म्हणणे, यासाठी सराव लागतो. विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांबरोबर अभिरूप न्यायालय भरवले तर दोन्हीकडच्या मुलांना तो मिळतो. माझा अनुभव असा की ज्या विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या तपासणीवर एकदा उलटतपासणी दिली आहे, त्याच्या प्रयोगवहीतील नोंदी त्यानंतर कोणी न सांगता सुधारतात.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी विभागाकडे यंत्रांची यादी मागण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. संख्याशास्त्र किती वर्षे शिकवले जाते आणि ते शिकवणारा अध्यापक कोण आहे? विद्यार्थ्यांना मिश्र, खराब झालेले आणि उत्तर आधी ठाऊक नसलेले नमुने हाताळायला मिळतात का? प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे स्वतःचे आराखडे दूषितता ओळखण्यासाठी नोंदवून ठेवले आहेत का? निर्णय देता येत नाही असा निष्कर्ष आलेल्या प्रकल्पाला पूर्ण गुण मिळू शकतात का? या प्रश्नांची उत्तरे विभागांनी आपल्या माहितीपत्रकात लेखी द्यावीत, आणि आपल्या दैनिकाने या अभ्यासक्रमाची माहिती पुढच्या वेळी छापताना ती त्यांच्याकडून मागवून घेऊन सोबत प्रसिद्ध करावी, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक अध्यापिका